त्रैराशिक मांडण्यापूर्वी

एका स्प्रिंगची लांबी १० सें.मी. आहे. तिला १०० ग्रॅमचे वजन टांगले की लांबी १२ सें.मी. होते. २०० ग्रॅम टांगले तर किती होईल?

अकरावीच्या प्रयोगवर्गात मी हा प्रश्न विचारतो, तेव्हा हमखास उत्तर येते, "२४ सें.मी.!" मग वजन टांगून पट्टीने मोजावयास सांगतो. लांबी भरते १४ सें.मी.

चूक गुणाकारात नाही, ती त्याआधीच झाली आहे. हा तक्ता पाहा.

वजन (ग्रॅम): ०, १००, २००, ३००
लांबी (सें.मी.): १०, १२, १४, १६
वाढ (सें.मी.): ०, २, ४, ६

वजन दुप्पट झाल्यावर दुप्पट होते ती लांबी नव्हे, लांबीतील वाढ. वाढीला वजनाने भागले तर प्रत्येक वेळी तीच संख्या येते. लांबीला भागले तर येत नाही. वाढ वजनाच्या प्रमाणात आहे, लांबी नाही.

त्रैराशिक आपल्याकडे फार जुने आहे. आर्यभटाने ते 'आर्यभटीया'त दिले. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त त्याच्याबरोबर व्यस्त त्रैराशिकही सांगितले. म्हणजे एक राशी वाढली की दुसरी कमी होते, तेथे वापरावयाची रीत. अर्थात, आधी संबंध ओळखावयाचा, मग रीत निवडावयाची.

संबंध ओळखण्यासाठी दोन प्रश्न विचारा. एक राशी शून्य केली तर दुसरी शून्य होते का? एक दुप्पट केली तर दुसरी दुप्पट होते का? स्प्रिंगची लांबी पहिल्याच प्रश्नाला अडखळते.

शिक्षकांनाही एक विनंती. वह्यांच्या किमतीची दहा उदाहरणे सोडवली की मुलांना वाटते, तीन संख्या दिसल्या की मांडा त्रैराशिक! म्हणून मध्येच विचारावे: एक साडी वाळावयास २ तास लागतात, त्याच उन्हात शेजारी शेजारी घातलेल्या ५ साड्यांना किती लागतील? जो मुलगा येथे थबकेल, त्याला प्रमाण समजू लागले असे समजावे.

आता घरी करावयाचा प्रयोग. दोऱ्याला लहानसा दगड बांधून २५ सें.मी. लांबीचा लंबक करा. थोडाच झोका देऊन २० आंदोलने मोजा; सुमारे २० सेकंद लागतील. लांबी ५० सें.मी. केल्यावर ४० सेकंद लागतील का? नाही, सुमारे २८ लागतील. मग ४० सेकंदांसाठी दोरा किती लांब हवा? त्रैराशिक न मांडता, मोजून शोधा.