हलकी बंदूक, भारी धक्का

संक्रांतीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. सेनगाव तालुक्यातलं आमचं गाव तसं लहान. हरभरा घाट्यात आला होता, ज्वारी हुरड्यात, आणि रात्री रानडुकरांचा धुमाकूळ. एका रात्रीत कळप शिरला की अर्धा एकर नांगरल्यासारखा दिसतो. म्हणून काका रोज जागलीला. मीही दोन रात्री त्यांच्यासोबत गेलो. शेकोटीजवळ बसल्यावर काकांनी मोबाइल पुढे केला. परदेशातला कोणी शिकारी होता. हातात आखूड, सुटसुटीत रायफल. चापाखालची लोखंडी कडी खाली-वर करायची की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. डुक्कर जागेवर आडवं.

"बग, किती हलकी हाय. अन् गोळी केवढी मोठी! मपली ही डबल बार उचलता उचलताच दम लागतो. तू इंजिनिअरिंगला हायेस ना, मग सांग, अशी बंदूक घ्यावी का नाही?"

काकांच्या प्रश्नामागे एक जुनं दुखणं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या आजोबांच्या वेळची बारा बोअर चालवताना त्यांच्या गळपट्टीच्या हाडाला चीर गेली होती. महिनाभर हात गळ्यात. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच बसलंय, की बंदूक जड म्हणून लागलं. मी तेव्हा "सांगतो" एवढंच म्हणालो आणि हॉस्टेलवर येऊन वही उघडली. एफ.ई.ला संवेग अक्षय्यतेचा नियम आपण पाच मार्कांसाठी पाठ करतो. तोच इथे कामाला आला.

आधी त्या बंदुकीबद्दल. तिला लिव्हर ॲक्शन म्हणतात. अमेरिकेत १९व्या शतकात ती रूढ झाली. बहुतेक मॉडेलांत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक भरलेली असतात. गंमत म्हणजे यामुळे टोकदार गोळी वापरता येत नव्हती. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे नेमकं जिथे ठोका बसल्यावर बार उडतो तिथे टेकलेलं. धक्क्याने आतल्या आतच बार उडायची भीती! म्हणून चपट्या तोंडाच्या गोळ्या. जॉन ब्राउनिंग या डिझायनरने विंचेस्टर कंपनीसाठी १८९५चं मॉडेल केलं, त्यात काडतुसं चापाच्या पुढे पेटीत एकावर एक ठेवली आणि हा प्रश्नच मिटवला. मेकॅनिकलवाल्यांनी आणखी एक हिशेब करून बघावा. या रायफलच्या .४०५ काडतुसात साधारण ३०० मेगापास्कल दाब तयार होतो. काडतुसाच्या बुडाचा व्यास पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे मागच्या खिट्टीवर तीन टनांच्या जवळपास जोर, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागात. खिट्टीला आधार देणारा ठोकळा त्या कडीनेच वर सरकून बसतो. सुंदर काम आहे, यात शंका नाही.

आणि ही रायफल आपल्याकडे आलीच नाही असंही नाही. दक्षिणेतल्या नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या शिकारीवर पुस्तकं लिहिणारे केनेथ अँडरसन हीच वापरत: विंचेस्टर १८९५, .४०५. त्यांचा जन्म १९१०चा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. बोलारम म्हणजे हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी. त्याच फौजेची एक छावणी आपल्या हिंगोलीत होती! १९०३मध्ये ती फौज इंग्रजांच्या हिंदुस्थानी सैन्यात मिसळली. अमेरिकेचे अध्यक्ष राहिलेले थिओडोर रूझवेल्ट १९०९मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा सिंहांसाठी त्यांच्याकडेही .४०५च होती.

आता गणित. .४०५ची गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे १९.४ ग्रॅम. वेग सेकंदाला साधारण ६७० मीटर. गुणाकार केला की संवेग १३ येतो (एकक किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद). पण नळीतून फक्त गोळी बाहेर पडत नाही. जळालेल्या दारूचा वायूही पडतो, आणि तो गोळीपेक्षा जास्त वेगाने. साडेतीन ग्रॅम दारू आणि सेकंदाला बाराशे मीटर धरले तर आणखी ४.२. एकूण १७.२. तेवढाच संवेग उलट्या दिशेने बंदुकीला मिळतो. इथे घासाघीस चालत नाही.

बंदूक ४ किलोची असेल तर ती सेकंदाला ४.३ मीटर वेगाने मागे येईल, ऊर्जा ३७ ज्यूल. तीच बंदूक घासूनपुसून ३ किलोची केली तर वेग ५.७ आणि ऊर्जा ४९ ज्यूल. वजन पावपट कमी, धक्का तिसऱ्या हिश्श्याने जास्त. कारण संवेग ठरलेला आहे. त्याच्या वर्गाला वस्तुमानाच्या दुपटीने भागायचं, म्हणून खालचा आकडा लहान झाला की उत्तर मोठं होतं. डोळ्यापुढे आणायचं तर असं: खाटेवर उताणं झोपा आणि मित्राला सांगा, ४ किलोची बंदूक मीटरभराला थोड्या कमी उंचीवरून दस्त्याच्या बाजूने खांद्यावर सोड. ही झाली जड बंदूक. हलकी हवी असेल तर ३ किलोची घेऊन पावणेदोन मीटरच्या जवळपास उंचीवरून. (प्रयोग करू नका, रेक्टर सरांना उत्तर मला द्यावं लागेल.)

आपल्यातल्या एनसीसीवाल्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, आम्ही फायरिंग केलंय, काही होत नाही. बरोबर आहे! तिथली .२२ची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास आणि रायफल चांगली जड. तिचा धक्का एक ज्यूलच्या आठव्या भागाइतका. .४०५ त्याच्या सुमारे तीनशे पट.

आता काकांची बारा बोअर. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी; साडेअठरा मिलिमीटर. ३२ ग्रॅम छर्रे, वेग ३८०च्या आसपास, वर बूच आणि वायू धरून संवेग १५. काकांची बंदूक सव्वातीन किलोची. धक्का ३५ ज्यूल. म्हणजे ज्या बंदुकीने हाड चिरलं तिचा धक्का त्या ४ किलोच्या .४०५पेक्षाही थोडा कमीच! मग लागलं कसं?

याचं उत्तर अंतरात आहे. ३५ ज्यूल शोषताना खांदा पाच सेंटिमीटर मागे गेला, तर सरासरी जोर ७०० न्यूटन, म्हणजे सत्तर किलोच्या आसपास. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट असेल, अंग किंचित पुढे झुकलेलं असेल तर सगळं शरीर मिळून मागे जातं आणि एवढं सहज निभतं. पण दस्ता ढिला धरला, तो सरकून हाडावर आला आणि थांबायला दीडच सेंटिमीटर मिळाले, तर तोच जोर जवळजवळ २४० किलो होतो. फोनवर काकांना विचारलं. त्यांनी आठवून सांगितलं की त्या रात्री ते माचाणीवर अर्धवट उठले होते, पाठ मागच्या खांबाला टेकलेली, अंगावर घोंगडं, दस्ता खांद्याच्या वरच्या बाजूला. पाठीला खांब म्हणजे मागे जायला जागाच नाही. बिचारी बंदूक उगाच बदनाम झाली.

नेमाबद्दलही एक गैरसमज आहे. धक्क्यामुळे नेम चुकतो असं सगळे म्हणतात. पण गोळी नळीबाहेर पडेपर्यंत ४ किलोची रायफल जेमतेम तीन मिलिमीटर मागे सरकलेली असते. नेम बिघडतो तो धक्क्याच्या आधी, भीतीने. डोळे मिटतात, चाप ओढण्याऐवजी हिसकला जातो. तपासायचं असेल तर शिकवणारे दुसऱ्याला गुपचूप कधी खरं, कधी बनावट काडतूस भरायला सांगतात. बनावटवर नळी खाली झुकली की चोरी पकडली गेली. हलक्या, मोठ्या बोअरच्या बंदुकीने ही सवय फार लवकर लागते, आणि जायला फार वेळ घेते.

राहिला कायदा. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक धरली आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर वीस इंचांहून कमी नळी नसलेली दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. रायफलच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात, त्यामुळे शेताच्या नावावर ती या तरतुदीत बसत नाही. परदेशातून मागवणं सर्वसामान्य माणसासाठी बंदच आहे. कुणाकडची जुनी लिव्हर ॲक्शन रीतसर मिळाली तरी .४०५चं काडतूस आपल्याकडे बनत नाही. बारा बोअरचं मात्र पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनतं.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुक्कर आणि रोहीसाठी वनाधिकाऱ्यांनी परवानगी द्यायची पद्धत राज्य सरकारने २०१५मध्ये घालून दिली, पण आधी अर्ज, मग परवानगी, मग बाकीचं. आमच्या गावात कित्येकांना हे माहीतच नाही. उद्या कुणावर गुन्हा दाखल झाला तर हरभरा राहिला बाजूला, कोर्टाच्या चकरा सुरू.

पुढच्या सुट्टीत वही घेऊनच गेलो. काका दहावी नापास, पण बाजार समितीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे भागाकार त्यांना माझ्याआधी कळतो. ३७ आणि ४९वर बोट ठेवून ते बराच वेळ गप्प बसले. मग घरच्या काट्यावर डबल बार (रिकामी, दोन्ही नळ्या उघडून बघितलेली) ठेवली. सव्वातीन किलो, वर थोडं.

"मंग हिच्यात अजून वजन घालता येतं का?"

येतं. दस्ता आतून कोरून त्यात शिसं भरतात. अर्धा किलो वाढलं तर ३५चे ३० ज्यूल होतात. शिवाय मागे अडीच सेंटिमीटर जाडीचा मऊ रबरी पॅड बसवायचा, पण लाकूड तेवढंच कापून, नाहीतर दस्ता लांब होऊन पुन्हा खांद्यावर नीट बसत नाही. हे काम घरी करवतीने करायचं नाही, परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडेच. काकांनी ते लिहून घेतलं. खाली आणखी दोन ओळी लिहिल्या: वन विभागाचा अर्ज, आणि माचाणीचा मागचा खांब काढणे.