बोर्डो मिश्रण ते इमल्शन : तयार द्रव्यांची इंग्रजी नावे

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासात 30 डिसेंबर 1803 रोजी शिंदे व इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे येते. शेतीच्या नकाशावर मात्र या गावाची ओळख पानमळे, पानपिंपरी आणि संत्र्याच्या बागा ही आहे. पानपिंपरी ही औषधी वनस्पती असल्याने द्रव्य तयार करण्याच्या क्रियेशी या परिसराचा संबंध जुना आहे.

आयुर्वेदाने या क्रियेसाठी नेमके शब्द घडविले. वनस्पती पाण्यात उकळून आटविली की काढा, तिच्यावर कढत पाणी ओतून गाळले की फांट आणि थंड पाण्यात रात्रभर भिजविली की हिम. इंग्रजीत पहिल्यास डिकॉक्शन म्हणतात. उरलेल्या दोहोंना इन्फ्यूजन हा एकच शब्द पुरतो. पिंपळीचे चूर्ण आठ दिवस अखंड खलले की त्यास चौसष्ट प्रहरी पिंपळी म्हणतात. येथे नावातच कृतीचा कालावधी सांगितलेला आहे.

इंग्रजीतील प्रिपरेशन हा शब्द तयार करण्याच्या क्रियेला आणि तयार झालेल्या पदार्थालाही लागू पडतो. मराठीतील ‘तयारी’ क्रियेपाशीच थांबते. पदार्थासाठी कल्प, योग किंवा नुसते ‘औषध’ म्हणावे लागते. शेतकऱ्याच्या बोलण्यात कीटकनाशकही औषधच असते. या एका शब्दाखाली भुकटी, तेलकट द्रव, द्रावण व मलम हे सारे झाकले जातात आणि अडचण नेमकी तेथे सुरू होते.

बोर्डो मिश्रणाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. फ्रान्समधील बोर्डो परिसरात रस्त्याकडेची द्राक्षे चोरीस जाऊ नयेत म्हणून वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्या वेली केवडा रोगातून वाचल्याचे मिलार्डे या शास्त्रज्ञाने पाहिले आणि 1885 मध्ये या मिश्रणाची माहिती प्रसिद्ध केली. पानवेलीच्या मर रोगासाठीही त्याचा उपयोग होतो. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व शंभर लिटर पाणी लागते. मोरचूद व चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवावे, लोखंडी भांडे वापरू नये. नंतर मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ढवळत ओतावे. तयार मिश्रणात लोखंडी चाकू बुडवून पाहिल्यास त्यावर तांबूस थर चढला, तर मोरचूद मोकळा राहिला असे समजून आणखी चुना घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

हेच तीन घटक, तेवढाच मोरचूद व तेवढाच चुना, परंतु पाणी अवघे दहा लिटर घेतले की बोर्डो पेस्ट होते. संत्र्याच्या खोडावरील डिंक्या रोगासाठी ती खोडास लावतात. मिक्श्चर फवारावयाचे व पेस्ट माखावयाची, हा भेद कळला नाही आणि दहापट तीव्र द्रव्य पानांवर गेले तर पाने करपतात.

डब्याबाटल्यांवरील संक्षेपही याच जातीचे आहेत. डब्ल्यू. पी. म्हणजे वेटेबल पावडर, पाण्यात भिजणारी परंतु न विरघळणारी भुकटी. तिचे पाण्यात सस्पेन्शन होते. शास्त्रीय मराठीत त्यास निलंबन म्हणतात. (कार्यालयात या शब्दाने धडकी भरते, येथे कण केवळ अधांतरी तरंगत असतात.) ढवळणे थांबले की ते तळाशी बसतात, म्हणून पंपातील वरचे पाणी फिके व तळचे जहाल होते. ई. सी. म्हणजे पाण्यात टाकताच इमल्शन होणारा तेलकट द्रव. इमल्शन हा शब्द लॅटिनमधील दूध काढण्याच्या क्रियापदावरून आला. परिभाषेतील ‘पायस’ हा प्रतिशब्दही दुधावरूनच. पाणी दुधासारखे पांढरे झाले तर पायस जमले. तेल वर तरंगले तर ते फवारू नये. संक्षेपापूर्वीचा आकडा क्रियाशील घटकाचे प्रमाण दाखवितो. 50 डब्ल्यू. पी. म्हणजे निम्मी भुकटी औषध, उरलेली पूरक द्रव्ये.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणे होती; निरनिराळी औषधे एकत्र कालवून फवारणे हे त्यांपैकी एक म्हणून पुढे आले. एका द्रव्याचे पायस दुसऱ्याच्या सान्निध्यात फाटू शकते, हे ‘औषध’ या सरसकट शब्दातून कळत नाही. कीटकनाशक नियम, 1971 अन्वये डब्यासोबतचे माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही द्यावे लागते. परंतु बारीक अक्षरांतील तो कागद बांधावर क्वचितच उलगडला जातो.

शाळेत हा भेद तीन पेल्यांत दाखविता येतो. एकात मीठ व पाणी, दुसऱ्यात ज्वारीचे पीठ व पाणी, तिसऱ्यात साबणाच्या पाण्यात घुसळलेले थेंबभर गोडेतेल. अर्ध्या तासाने पहिला पेला जसाच्या तसा दिसतो, दुसऱ्यात पीठ तळाशी बसते, तिसरा गढूळ पांढराच राहतो. सोल्यूशन, सस्पेन्शन व इमल्शन हे शब्द त्या पेल्यांवर चिकटविले की विद्यार्थ्यास पाठ करावे लागत नाहीत. ग्रामपंचायतीच्या फलकावर हंगामापूर्वी डब्ल्यू. पी. व ई. सी. यांचे अर्थ दोन ओळींत लिहिण्यास खडूखेरीज काही लागत नाही. मूळ इंग्रजी अक्षरे मात्र शेजारी असावीत, कारण दुकानातून हाती येणाऱ्या डब्यावर तीच असतात.