कानात थेंब घालण्यापूर्वी

विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या नित्य वापराच्या वस्तूंबरोबर कानकोरण्याचाही उल्लेख येतो. कानात मळ साचून भिक्खूंना त्रास होऊ लागला, तेव्हा तथागतांनी कानकोरणे वापरण्यास अनुमती दिली. पुढे सोन्या-चांदीची कानकोरणी दिसू लागली व लोक टीका करू लागले; म्हणून हाड, शिंग, बांबू अशा साध्या वस्तूंचीच वापरावीत, असा नियम झाला. प्राचीन ग्रंथात आहे म्हणून आजही कान कोरावा, असे मात्र नव्हे. आजचे वैद्यकशास्त्र कानात काहीही घालून कोरू नये, असेच सांगते.

त्यास कारण आहे. बाह्यकर्णाची नळी मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्यातील मळ किंचित आम्लधर्मी असून तो जंतू व बुरशी यांना आवर घालतो. हेअरपिन, काडी किंवा गाडीच्या किल्लीने तो खरवडून काढला की नाजूक त्वचेस ओरखडे पडतात. त्यात पाणी मुरले की खाज, सूज आणि ठणका सुरू होतो. नागपूरच्या दमट पावसाळ्यात अशा तक्रारी विशेष वाढतात. नदी-तलावात पोहणाऱ्या मुलांना हा त्रास कोणत्याही ऋतूत होऊ शकतो.

कानाच्या छिद्रापुढील उंचवटा दाबल्यास किंवा कान ओढल्यास दुखत असेल, तर दुखणे बहुधा बाह्यकर्णाचे असते. पण त्यावरचे औषध एकच नाही, आणि घोटाळा नेमका येथेच होतो. जंतुसंसर्गावर सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक थेंब देतात, तर बुरशीवर क्लोट्रिमाझोलसारखे. बुरशी असताना प्रतिजैविक थेंब घालत राहिल्यास ती उलट फोफावते. शेजाऱ्याला गुण आला म्हणून तीच बाटली औषधाच्या दुकानातून आणणे म्हणूनच धोक्याचे. त्याहून मोठा धोका फुटलेल्या पडद्याचा. पडद्याला छिद्र असता जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे थेंब आतल्या कानापर्यंत पोचून श्रवणशक्तीस कायमची हानी करू शकतात. लसूण घालून कढवलेल्या तेलाविषयी तर वेगळे सांगावयास नको! वाहणारा कान प्रथम तपासूनच घ्यावा. मेडिकल व मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहे. मधुमेही व्यक्तीचा कान रात्री झोप न येण्याइतका ठणकत असेल, तर एक दिवसही थांबू नये.

थेंब घालण्याचीही रीत आहे. बहुतेक बाटल्यांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बाटली फ्रीजमध्ये जाते. पण थंडगार थेंब कानात पडताच गरगरते. म्हणून बाटली आधी दोन मिनिटे मुठीत धरावी, गरम पाण्यात बुडवू नये. बाहेर आलेला स्राव स्वच्छ कापसाने टिपून मुलास कुशीवर निजवावे. कान वर व मागे ओढावा. तीन वर्षांखालील बाळाचा खाली व मागे. सांगितले तितकेच थेंब सोडावेत, बाटलीचे टोक कानास लागू देऊ नये. मग पुढचा उंचवटा हलकेच दाबून चार-पाच मिनिटे तसेच पडू द्यावे. आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा. दोन दिवसांत खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. थेंबांनीच लाली व खाज वाढली, तर त्या औषधाची ॲलर्जी असू शकते. ते थांबवून डॉक्टरांस दाखवावे.

वसतिगृहात एकाच बाटलीतून चौघांच्या कानांत थेंब घालण्याची सोयीची पद्धत असते. ती आम्हांस मुळीच मान्य नाही. बाटलीचे टोक एका कानास लागले की संसर्ग पुढच्या मुलाकडे जातो. प्रत्येक बाटलीवर मुलाचे नाव व उघडल्याची तारीख लिहावी, आणि साधारण चार आठवड्यांनी उरलेले औषध टाकून द्यावे. सुजलेल्या कानास दडे बसलेले असतात. असे मूल वर्गात हाकेस ओ देत नाही, आणि आपण त्याला दुर्लक्ष करणारे ठरवून मोकळे होतो. गृहपालांनी ही गोष्ट वर्गशिक्षकांच्या कानावर घालावी, व कान बरा होईपर्यंत त्या मुलास पहिल्या बाकावर बसवावे.