मुफासाची पूर्वकथा कशी घडली?



‘मुफासा : द लायन किंग’ हा चित्रपट २० डिसेंबर २०२४ रोजी प्रदर्शित झाला. तेलुगूत मुफासाला महेश बाबूंचा आवाज असल्यामुळे आपल्या हैदराबादेत तुमच्यापैकी पुष्कळांनी तो नाताळच्या सुट्टीत पाहिला. शाळा सुरू झाल्यावर चित्रकलेच्या तासाला आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, ‘‘सर, टाका नेमका वाईट कधी झाला?’’ वर्ग हसला, कारण मराठीत टाका म्हटले की सुईदोराच आठवतो. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तो चित्रपट करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता.

१९९४ सालचा ‘द लायन किंग’ हाताने रेखाटलेला होता. त्यात स्कार हा काळ्या आयाळीचा सिंह आपल्या भावाला, म्हणजे मुफासाला, उधळलेल्या कळपात लोटून मारतो आणि राजा होतो. २०१९ मध्ये जॉन फॅवरो यांनी तीच गोष्ट संगणकावर, खऱ्या जंगलासारखी दिसेल अशी पुन्हा केली. २०२४ च्या चित्रपटात या सगळ्याच्या आधीची हकिकत आहे. अशा चित्रपटाला प्रीक्वेल म्हणतात. आपण पूर्वकथा म्हणू. आपल्याला हा प्रकार नवा नाही. महाभारतात वैशंपायन जनमेजयाला त्याच्या पणजोबांची, अर्जुनाची, गोष्ट सांगतात. युद्ध कोणी जिंकले हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते, नाहीतर तो स्वतः सिंहासनावर नसताच! या चित्रपटातही म्हातारा रफिकी सिंबाच्या लेकीला, किआराला, तिच्या आजोबांची गोष्ट सांगतो.

पूर्वकथेची अडचण इथेच आहे. पांढऱ्या सिंहांचा क्रूर नायक किरोस मुफासावर कितीही वेळा झेपावला, तरी मुफासा वाचणार हे प्रेक्षक जाणून असतो. मग खुर्चीत पुढे सरकून बसावे असे उरते काय? उरतो तो टाका, म्हणजेच पुढचा स्कार.

लेखक जेफ नेथन्सन यांनी मुफासा आणि टाका यांना सख्खे भाऊ ठेवले नाही. जुन्या चित्रपटावर प्रेम करणाऱ्या अनेकांना हे रुचले नाही. मला मात्र ते योग्य वाटले. पुरात आईवडिलांपासून तुटलेला मुफासा परक्या कळपात येतो. त्याला मगरींच्या तोंडून वाचवण्यात राजपुत्र टाकाच पुढे असतो. कळपात राहण्यासाठी मुफासाला शर्यत जिंकायची असते, तेव्हा टाका मुद्दाम हरतो. भाऊ हवा म्हणून हरतो. पुढे आईवर हल्ला होतो, तेव्हा टाका घाबरून पळतो आणि तिला मुफासा वाचवतो. नंतर साराबीला मुफासा आवडतो आणि टाका किरोसला जाऊन मिळतो. तरीही अखेरच्या क्षणी तो मुफासासाठी मध्ये पडतो, आणि स्कार या नावामागचा डोळ्यावरचा व्रण त्याला तिथेच मिळतो. आता सांगा, यातल्या कोणत्या जागेवर बोट ठेवाल? मी पळून जाण्याच्या प्रसंगावर ठेवीन. आपण भित्रे ठरलो हे त्याला कळले, आणि ते मुफासाला माहीत आहे हेही कळले. वर्गात यावर एकमत झाले नाही.

हे सगळे दाखवायचे कशावर? सिंहाच्या चेहऱ्यावर! आणि सिंह माणसासारखा भुवया उंचावत नाही, ओशाळून हसत नाही. २०१९ च्या चित्रपटावर मोठी टीका झाली ती हीच, की सिंह हुबेहूब आहेत पण चेहरे कोरे आहेत. दिग्दर्शक बॅरी जेन्किन्स यांची ख्याती तर माणसांचे चेहरे जवळून टिपण्याची. त्यांच्या ‘मूनलाइट’ (२०१६) या लहानशा चित्रपटाला सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर मिळाले होते. मुफासात त्यांनी कॅमेरा सिंहांच्या तोंडाजवळ नेला, आणि डोळे व कपाळ यांना आधीच्या चित्रपटापेक्षा अधिक मोकळीक दिली. मुद्दाम दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहा.

पण ज्या रानात खरा सिंहच नाही, तिथे कॅमेरा कसा न्यायचा? आधी कलाकारांचे आवाज मुद्रित केले गेले. मग मोकळ्या दालनात, अंगावर खुणा असलेले घट्ट कपडे घातलेली माणसे सिंहांच्या जागी चालली. माणसाला पाय दोन, सिंहाला चार! म्हणून मागचे दोन पाय संगणक तिथल्या तिथे जोडी. पडद्यावर कच्चे सिंह चालताना दिसत, आणि छायालेखक जेम्स लॅक्स्टन हातातला कॅमेरा हलवून त्यांचे चित्रण करीत. नंतर स्टुडिओत खरी मेहनत सुरू झाली. एक गट सांगाडा आणि स्नायू बसवतो, दुसरा आयाळीचे केस, तिसरा गवत आणि बर्फ, चौथा प्रकाश. सेकंदाला २४ चित्रे. चित्रपट ११८ मिनिटांचा आहे. गणित स्वतः करा. उत्तर एक लाख सत्तर हजारांच्या जवळपास यायला हवे. (दादासाहेब फाळके यांनी मटाराच्या रोपाचे दिवसामागून दिवस एकेक चित्र घेऊन ते पडद्यावर वाढताना दाखवले होते. धीर तोच, यंत्रे निराळी.)

आपल्याकडच्या आवाजांचे काम उलट्या क्रमाने चालते. इंग्रजीत आवाज आधी आणि ओठ नंतर. हिंदी-तेलुगूत ओठ आधीच ठरलेले, शब्द त्यात बसवायचे. व्याकरणात शिकलेले ओष्ठ्य वर्ण आठवा : प, फ, ब, भ, म. ते म्हणताना ओठ मिटावे लागतात, आणि प्रेक्षकाला चूक पटकन दिसते ती इथेच. ‘पुंबा’ हे नाव आरशासमोर म्हणून पाहा, म्हणजे समजेल. हिंदीत मुफासा शाहरुख खान यांचा, तर टिमॉन आपल्या श्रेयस तळपदे यांचा आणि रफिकी मकरंद देशपांडे यांचा आहे. मराठी बोलणारे दोन कलाकार असूनही चित्रपट मराठीत आला नाही, याची मला थोडी रुखरुख आहे.

आता पालकांशी दोन शब्द. ‘‘मुलाला अ‍ॅनिमेशनला घालू का?’’ असे मला पालकसभेत दरवर्षी विचारले जाते. या चित्रपटाचे दृश्यकाम मूव्हिंग पिक्चर कंपनीने केले. तिच्या बंगळुरूच्या स्टुडिओतही आपल्यासारख्या घरांतली शेकडो मुले काम करीत होती. चित्रपटाने जगभरात सुमारे ७२ कोटी डॉलर मिळवले. आणि प्रदर्शनानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, तिची मालक कंपनी टेक्निकलर कोसळली. भारतातले कामही बंद पडले, हजारो नोकऱ्या एका झटक्यात गेल्या. सिंह गाजले, पण सिंहाचे केस विंचरणारे घरी बसले.

म्हणून मी ‘घालू नका’ म्हणत नाही. पण एखाद्या संस्थेची भरमसाट फी भरण्याआधी पाल्याची चित्रवही उघडून बघा. त्यात धावणारा कुत्रा, वळणारी मान, बसलेली म्हातारी आहे का, की नुसती छापील चित्रांची नक्कल आहे? सॉफ्टवेअर काही वर्षांत बदलते. प्राणी कसा उठतो हे निरखलेला मुलगा एक स्टुडिओ बंद पडला तर दुसरे काही करू शकतो. शक्य असेल त्यांनी एखाद्या रविवारी नेहरू प्राणी उद्यानात वही घेऊन जावे. सिंह बहुतेक झोपलेलाच असतो. झोपलेलाही काढता आला पाहिजे.

सातवी ते नववीच्या मुलांसाठी काम : कावळ्याचे घर शेणाचे, चिऊताईचे मेणाचे, ही गोष्ट सर्वांना येते. पावसात कावळ्याचे घर वाहून गेले आणि चिऊताईने दार उघडायला फार वेळ लावला, हेही माहीत आहे. त्या पावसाच्या आदल्या वर्षी दोघांत काय घडले असेल? आठ चौकटींत काढा. संवाद कमीत कमी ठेवा, आणि चोच हसत नाही हे विसरू नका. कागद चित्रकलेच्या वर्गात मिळतील. महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे आणून द्या.