एक कायदा, दोन शेजारी : बंदुकीचा परवाना



दिवाळीत टिकल्यांची बंदूक हातात आली की मुलं हमखास विचारतात, "बाई, खरी बंदूक दुकानात मिळते का?" नुसतं 'गप्प बस' म्हणून भागत नाही. मी तरी सरळ कायदाच सांगते. शेजारच्या पाकिस्तानशी ताडून सांगितला की चौथी-पाचवीच्या मुलांनाही कळतो.

दोन्हीकडचं मूळ एकच. 1878 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. भारतीयांना परवाना सक्तीचा, युरोपियनांना मात्र सूट! फाळणीनंतर हाच कायदा दोघांच्या वाट्याला आला. आपण 1959 मध्ये नवा शस्त्र अधिनियम केला, पाकिस्तानने 1965 मध्ये आपला शस्त्र अध्यादेश काढला. परवाना दोन्हीकडे लागतोच.

तरी 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'च्या 2017 च्या अंदाजानुसार, बेकायदा बंदुका धरून, दर 100 माणसांमागे भारतात सुमारे 5 आणि पाकिस्तानात सुमारे 22 बंदुका आहेत. असं का? पेशावरच्या दक्षिणेला दर्रा आदमखेल नावाचं गाव आहे. तिथे छोट्या कारखान्यांत बंदुका हाताने घडवतात. हा टोळ्यांचा मुलूख 2018 पर्यंत वेगळ्या नियमांखाली होता, देशाचा नेहमीचा कायदा तिथे पोचतच नव्हता. त्यात 1979 नंतर अफगाण युद्धामुळे कलाश्निकोव्ह रायफलींचा पूर आला. म्हणजे कायदा कागदावर सारखा असून भागत नाही, तो शेवटच्या गावापर्यंत जावा लागतो.

पण आपणच फार शहाणे, असं मुलांना वाटू देऊ नका. आपल्याकडेही उत्तरेत वरातीत हवेत बार काढताना माणसं दगावली आहेत. म्हणून 2019 च्या दुरुस्तीत, जिवाला धोका होईल असा आनंदाचा गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. वय 21 पूर्ण हवं.

आता घराजवळचं उदाहरण. कोकणात रानडुकरांपासून शेती राखायला काही शेतकऱ्यांकडे परवान्याची बंदूक असते. परवाना जिल्हाधिकारी देतात, आणि ते कार्यालय आपल्या अलिबागेतच आहे! निवडणूक आली की अशा बंदुका बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. ज्यांच्या नात्यात अशी बंदूक आहे, त्या मुलांना घरी विचारून यायला सांगा : परवान्यावर काय काय लिहिलेलं असतं, आणि निवडणुकीत काका बंदूक ठाण्यात का ठेवून आले?