गळाची गाठ

जाळे टाकून मासे पकडतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण कोकणात खाडीच्या काठी किंवा खडकावर बसून गळाने मासे पकडणारे लोकही दिसतात. याला तिकडे 'गरवणे' म्हणतात. लांब दोरी, तिच्या टोकाला गळ आणि गळाला लावलेले आमिष, एवढेच त्यांचे साहित्य. दोरी आणि गळ यांना जोडते ती एक छोटीशी गाठ.

मासा ओढ देतो, तेव्हा सारा ताण गाठीवर येतो. गाठ सुटली, तर मासा जातो, गळ जातो आणि मेहनतही वाया जाते. तोंडात रुतलेला गळ घेऊन मासा बिचारा तसाच फिरत राहतो.

एक टोक ओढताच सुटते ती सुरगाठ. सहज सुटत नाही ती निरगाठ. सुती दोरीला निरगाठ चांगली बसते, कारण सूत खरखरीत असते. पण १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स या शास्त्रज्ञाने नायलॉन तयार केले. पुढे गळाला नायलॉनचा धागा आला. तो मजबूत, पण गुळगुळीत. साधी गाठ त्यावरून निसटते. म्हणून पिळाची गाठ मारतात.

ती अशी मारतात : सुईसारखेच गळालाही नेढे असते. त्यातून धाग्याचे टोक ओवा. ते टोक मूळ धाग्याभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. मग नेढ्याजवळच्या लहान फटीतून ते आत घाला. आता एक मोठा फास तयार होईल. त्यातूनही टोक बाहेर काढा. गाठ पाण्याने ओली करा आणि सावकाश आवळा. कोरडी गाठ आवळली, तर घर्षणाने धागा तापतो व कमजोर होतो. उरलेले टोक थोडे ठेवून कापा.

आमिषही नीट बसवावे लागते. कोळंबी गळात ओवतात. माशाचा तुकडा मऊ असतो, तो पाण्यात निसटतो. म्हणून त्याच्यावर बारीक धाग्याचे वेढे देतात. गळाचे टोक मात्र मोकळे ठेवतात.

तुम्ही सराव करताना गळ घेऊ नका. जाड दोरी आणि किल्लीची कडी घ्या. नायलॉनचे तुकडे किनाऱ्यावर टाकू नका. ते कुजत नाहीत आणि पक्ष्यांच्या पायांत अडकतात.

धागा बहुधा गाठीपाशीच तुटतो. म्हणून जाणता माणूस गळ पाण्यात टाकण्यापूर्वी गाठ ओढून पाहतो. एखादी गोष्ट मनात पक्की ठेवणे, याला मराठीत 'खूणगाठ बांधणे' म्हणतात. काम लहान असले, तरी ते तपासून पाहावे, ही खूणगाठ आपणही बांधू या.

स्वाध्याय
१. सुरगाठ आणि निरगाठ यांत काय फरक आहे?
२. गाठ ओली करून का आवळतात?
३. 'खूणगाठ बांधणे' हा वाक्प्रचार वापरून वाक्य लिहा.