श्रीलंका: आधी किनारा ठरवा, मग तारीख

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की घरोघरी सहलींचे बेत सुरू होतात. मुंबईहून विमानाने जेमतेम अडीच तासांवरची श्रीलंका त्यात असतेच. "मे महिन्यात चालेल ना?" असं ओळखीचे लोक मला विचारतात. मी त्यांना उलट विचारते, "कुठल्या किनाऱ्याला जाताय?"

या एवढ्याशा बेटाला दोन पावसाळे आहेत. नैर्ऋत्येकडचे मोसमी वारे मेच्या अखेरीस, केरळात पोचण्याच्या थोडे आधी, कोलंबो-गॉलच्या किनाऱ्याला लागतात. सप्टेंबरपर्यंत तो किनारा आणि डोंगरांचे पश्चिम उतार भिजत राहतात. ईशान्येचे वारे डिसेंबर ते फेब्रुवारीत त्रिंकोमाली-बट्टिकलोआला पाऊस देतात. मधे २५०० मीटरपर्यंत चढलेले डोंगर उभे आहेत. महाबळेश्वर धो-धो भिजत असताना माणदेश कोरडा राहतो, तेच तिथे वर्षातून दोनदा आणि दोन्ही बाजूंनी घडतं.

आम्ही सहकुटुंब गेलो ते मेच्या अखेरीस. ज्या कंपनीने सहल आखली, तिने सगळ्यात मोठा मुक्काम नेमका नैर्ऋत्य किनाऱ्यावर, हिक्कडुवाला ठेवला होता. पत्रकात निळं पाणी, प्रवाळ आणि काचेच्या तळाची होडी होती. तिथे पोचलो तेव्हा पाणी गढूळ होतं, होड्या वाळूवर ओढून ठेवल्या होत्या आणि लाल बावटा फडकत होता. सकाळी ऊन पडलं म्हणून माझा भाचा गुडघाभर पाण्यात उभा राहिला. परतणाऱ्या लाटेने पायाखालची वाळू काढून नेली आणि तो आत ओढला गेला. जीवरक्षकाने धावत जाऊन त्याला बाहेर काढलं. पोरगा थरथर कापत होता, आणि माझ्या बहिणीला कितीतरी वेळ शब्द फुटत नव्हता.

म्हणून कळकळीने सांगते, मेअखेर ते सप्टेंबर त्या किनाऱ्यावर पाऊस उघडला तरी समुद्रात उतरू नका. वारा दूर समुद्रावर घोंघावत असतो, त्यामुळे इथे ऊन असलं तरी लाटा थांबत नाहीत. किनाऱ्यावर चढलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात मागे फिरतं. त्या ओढीत कुणी सापडलंच, तर तिच्याशी झगडत किनाऱ्याकडे पोहायचं नाही. अंग तरंगतं ठेवायचं, हात वर करून मदत मागायची आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकायचं.

त्याच सहलीत आम्ही नानुओयाहून एल्लाला रेल्वेने गेलो. खिडक्या लावून घ्याव्या लागल्या इतका पाऊस होता. देशातलं सर्वांत उंचावरचं स्टेशन पट्टिपोला मागे पडलं, गाडी बोगद्यात शिरली, आणि ओहियाच्या बाजूला निघाली तेव्हा दरीभर ऊन होतं! एल्लात उतरलो तिथल्या मालकीणबाईंनी सांगितलं, "आमचा खरा पाऊस ऑक्टोबरपासून." दोन्ही पावसाळ्यांची हद्द त्या बोगद्यापाशी डोळ्यांनी दिसते.

पुढे आम्ही जुलैत त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीला गेलो. अंगाची काहिली करणारा कोरडा वारा होता, पण समुद्र शांत. पिजन आयलंडच्या उथळ पाण्यात भाचा मजेत मासे बघत होता.

तेव्हा उन्हाळी सुट्टीत जायचं तर पूर्व किनारा धरा. ऑगस्ट-सप्टेंबरात मिन्नेरियाचा तलाव आटत जातो आणि मोकळ्या झालेल्या गवतावर हत्तींचे कळप जमतात. ते बघण्यासाठी मी पुन्हा जाईन. गॉल, मिरिसा आणि देवमासे बघायचे असतील तर डिसेंबरअखेर ते मार्च. श्रीपाद शिखराची यात्राही डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंतच असते. एरवी पायऱ्या निसरड्या आणि रात्री अंधार. एप्रिलच्या मध्यावर तिथलं नववर्ष असतं. दुकानं बंद राहतात, नुवारा एलियात खोली मिळणं कठीण होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र जाऊ नका, असंच मी सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळजवळ सगळ्या बेटावर दुपारनंतर विजांसह पाऊस येतो, आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांचेही हेच दिवस. १९७८ च्या नोव्हेंबरात अशाच एका चक्रीवादळाने बट्टिकलोआची दैना केली होती. जाणं टळत नसेल तर सिगिरियाचा खडक सकाळी लवकर चढून उतरा.

नुवारा एलिया १८०० मीटरहून उंच आहे, तेव्हा म्हाताऱ्या माणसांसाठी स्वेटर कुठल्याही महिन्यात न्या. पावसाळ्यांच्या आगेमागे डेंग्यू वाढतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम हवंच.

आणि पत्रकातल्या फोटोंवर भरवसा ठेवून आगाऊ रक्कम भरू नका. मुक्कामाच्या गावी थेट फोन करा आणि विचारा: त्या आठवड्यात होड्या चालतात का, आणि तुमची स्वतःची मुलं तेव्हा समुद्रात उतरतात का?